गार्टर व रिबन साप : बंदिवासातील आहार

गार्टर व रिबन साप हे थॅम्नोफिस वंशातील, उत्तर व मध्य अमेरिकेत आढळणारे सडपातळ साप आहेत. अंगावरच्या उभ्या पट्ट्यांवरून त्यांना ही नावे पडली. पाळण्यात मुख्यतः सामान्य गार्टर (थॅ. सिर्टॅलिस) व रिबन सापांच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन जाती असतात. आपल्याकडची दिवड (पाणदिवड, विरोळा, फाउलिया पिस्कॅटर) याच नॅट्रिसिने उपकुलातली असून ती मासे व बेडूक खाते. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांत पावसाळ्यात घरात शिरलेला साप पुष्कळदा हाच निघतो. मात्र दिवडीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ती पाळता येत नाही. सापडलेली दिवड वनखात्याकडे द्यावी, मधल्या काळात तिला भरवण्याच्या खटपटीत पडू नये. पुढील माहिती अमेरिकी जातींपुरती आहे.

नैसर्गिक खाद्य : सामान्य गार्टर गांडुळे, बेडूक, मासे, जळवा, गोगलगायी व क्वचित उंदरांची पिले खातो. रिबन सापाची आवड अरुंद आहे. त्याला बेडूक व मासे चालतात, गांडुळाला तो सहसा तोंड लावत नाही. एकाच जातीतही प्रदेशानुसार फरक पडतो : कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवरील थॅ. एलेगन्स या गार्टर जातीची नवजात पिले बिनकवची गोगलगायी आपसूक खातात, अंतर्भागातली त्यांना बहुधा नाकारतात. ही निवड डोळ्यांपेक्षा गंधावर ठरते. कधीही न जेवलेल्या पिलांपुढे भक्ष्याच्या अर्कात बुडवलेला कापूस धरला, तर ती जीभ लपलपवतात आणि कापसावरच झडप घालतात, असे प्राणिवर्तनाचे अभ्यासक बर्गहार्ट यांच्या १९६०च्या दशकातील प्रयोगांत दिसले. साप नव्या खाद्याकडे वळवण्याची सगळी युक्ती याच गुणावर उभी आहे.

ब१ जीवनसत्त्व व थायामिनेज : केवळ माशांवर वाढवलेल्या सापांत काही महिन्यांनी कंप, तोल जाणे, झडप चुकणे, डोके मागे वळणे आणि उलथे पडल्यावर सरळ होता न येणे ही लक्षणे दिसू लागतात व पुढे झटके येतात. कारण ब१ जीवनसत्त्वाचा (थायामीन) अभाव. काही माशांच्या शरीरात थायामिनेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, एंझाइम) असते. माशांतला त्याचा पहिला प्रकार थायामीनच्या रेणूतील दोन वलये एकमेकांपासून तोडतो. मासा मेल्यावरही हे काम चालू राहते, आणि गोठवल्याने विकर नष्ट होत नाही. फ्रीझरमध्ये महिनोन् महिने ठेवलेला मासा म्हणूनच ताज्यापेक्षाही निकृष्ट ठरू शकतो. या विकाराची ओळख सापांवरून झालेली नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत, खाद्यात कच्चे मासे असलेल्या पाळीव कोल्ह्यांना पक्षाघात होऊ लागला. तो ‘चास्टेक पक्षाघात’ या नावाने ओळखला जातो.

हे विकर माशात येते कोठून, याबद्दल बराच काळ दुमत होते. पॅनिबॅसिलस थायामिनोलिटिकस हा जीवाणू ते तयार करतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध असल्याने माशाच्या आतड्यातील जीवाणूच त्याचा स्रोत असावा, असे बहुतेक ग्रंथांत गृहीत धरले जाई. २०१२च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या सरोवरांतील माशांवर झालेल्या तपासात या जीवाणूचे प्रमाण व विकराची क्रियाशीलता यांचा मेळ बसला नाही. २०२३मध्ये झेब्रा माशाच्या स्वतःच्या जनुकांतच हे विकर बनवणारे जनुक असल्याचे प्रसिद्ध झाले. जीवाणूंचा वाटा काही ठिकाणी असेलही, पण आज माशाचे स्वतःचे जनुक हेच अधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. पाणी स्वच्छ ठेवून किंवा मासा आधी काही दिवस उपाशी ठेवून विकर जाईल, अशी आशा धरू नये. कोणता मासा, हेच निर्णायक ठरते.

गोल्डफिश, सामान्य कार्प व फॅटहेड मिनो या कार्प कुळातल्या माशांत विकर निश्चित आढळले आहे. झेब्रा मासा त्याच जवळच्या गोतावळ्यातला. ट्राउट व सॅमन त्यापासून मुक्त आहेत. गप्पी व तिलापिया पाळणाऱ्यांच्या याद्यांत बहुधा निर्धोक गटात असतात. तथापि अशा याद्या बऱ्याच अंशी १९४०च्या दशकातील चाचण्यांवर आधारलेल्या असून एकाच जातीत जलाशय व ऋतू यांप्रमाणे फरक पडू शकतो. बडोद्याच्या मासळीबाजारात जे रोज मिळतात ते रोहू, कटला व मृगळ हे तिन्ही कार्प कुळातले. त्यामुळे, कोणी वेगळे सिद्ध करेपर्यंत, त्यांना संशयित धरलेलेच बरे. स्वस्त व ताजा मिळतो म्हणून एकच मासा वर्षभर घालणे, ही बहुतेक आजारांमागची चूक.

उपाय तीन सांगतात. पहिला, मासा सुमारे ८०° से. पाण्यात पाच मिनिटे ठेवणे. याने विकर निकामी होते, पण थोडे थायामीनही जाते आणि मांस ठिसूळ होऊन साप ते तोंडातून टाकून देतो. दुसरा, पूरक मात्रा : मत्स्याहारी प्राण्यांसाठी दर किलो माशामागे २५ ते ३० मिग्रॅ. थायामीन. ते विकरयुक्त माशावरच शिंपडले तर निम्मे-अधिक वाया जाण्याचा धोका असतो, म्हणून निर्धोक भक्ष्यातून द्यावे. तिसरा, विकरमुक्त मासा व माशाखेरीज इतर भक्ष्य यांवरच भर देणे. या तिघांत तिसरा अधिक भरवशाचा, पहिले दोन अडचणीपुरते. लक्षणे दिसू लागलेल्या सापाला घरगुती पूरक पुरत नाही, पशुवैद्याकडून इंजेक्शन घ्यावे लागते.

कॅल्शियम व इतर घटक : संपूर्ण भक्ष्य आणि त्याचा तुकडा यांत मोठी तफावत आहे. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण १:१ ते २:१ असावे लागते. काटे काढलेल्या माशाच्या कापात, तसेच कोंबडीच्या काळजात किंवा मांसात ते साफ उलटे असते. डोके, काटे व आतडी यांसह मासा द्यावा. आतडी काढल्यास विकर घटते हे खरे, पण यकृतातले अ जीवनसत्त्वही त्याबरोबर जाते. मोठ्या तिलापियाच्या पाठीवरचे व शिंगाळ्याचे काटे मात्र कात्रीने उडवावेत. अन्यथा ते घशात रुततात. तेलकट मासे सतत दिल्यास चरबीदाह होतो, अशा वेळी ई जीवनसत्त्व वाढवतात.

गांडुळे : सामान्य गार्टरसाठी उत्तम, पण कॅल्शियमला कमी. दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्यांवर कॅल्शियमची भुकटी चिमूटभर लावावी. येथे एक सापळा आहे. गांडूळखताच्या प्रकल्पांतून सहज मिळणारे लालसर आयसेनिया फेटिडा सापाला देऊ नये. दाबले की त्यातून पिवळसर, दुर्गंधी द्रव निघतो. त्यातील लायसेनिन हे प्रथिन पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते, आणि साप बहुधा ते गांडूळ ओकून टाकतो. कीटकनाशक न मारलेल्या बागेतली मातीतली गांडुळे घ्यावीत व ओल्या कागदावर दिवसभर ठेवून पोट रिकामे झाल्यावर द्यावीत.

उंदीर : केस न फुटलेली, गोठवलेली उंदराची पिले पोषणाच्या दृष्टीने सर्वांत पूर्ण खाद्य, पण केवळ त्यांवर वाढवलेले गार्टर लठ्ठ होतात. पिले फ्रिजमध्ये वितळवून, पिशवीत घालून ४०° से.च्या पाण्यात ऊबदार करावीत, मायक्रोवेव्हमध्ये नव्हे. घरात पकडलेला उंदीर कधीही देऊ नये. त्याने उंदीरनाशक खाल्लेले असू शकते. उंदीर नाकारणाऱ्या सापासाठी पिलावर माशाचा किंवा गांडुळाचा रस चोळतात. रिबन सापांच्या बाबतीत ही युक्ती पुष्कळदा तीन-चार प्रयत्नांनंतरच साधते. चोळणे पुढे हळूहळू कमी करावे.

मात्रा व वेळ : नवजात पिलांना दर दोन-तीन दिवसांनी गांडुळाचे २-३ सेंमी. तुकडे, रिबनच्या पिलांना बोटभर उथळ पाण्यात सोडलेले गप्पी. वाढत्या सापांना आठवड्यातून दोनदा. प्रौढांना मासे-गांडुळे पाच ते सात दिवसांनी, उंदीर सात ते दहा दिवसांनी. एका वेळी सापाच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतके खाद्य आणि भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाहून फार जास्त नाही, एवढे धोरण पुरते. एकत्र ठेवलेल्या सापांना भरवताना वेगळे करावे. एकाच माशाची दोन टोके दोघांनी धरली की एक दुसऱ्याला गिळू लागतो.

माशाने विष्ठा पातळ व वारंवार होते. कुंडातले पाणी सांडून तळ ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. पचनासाठी ऊबेची जागा २९ ते ३२° से. व थंड बाजू २१ ते २४° से. लागते. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४०च्या पुढे जातो, तेव्हा थंड बाजू राखणे हेच मोठे काम, आणि न खाल्लेला मासा दोन तासांत काढावा. हिवाळ्याच्या रात्री पेटी २० अंशांखाली उतरत असेल व ऊब पुरवता येत नसेल, तर खाद्य थांबवावे. पोटात न पचलेले भक्ष्य सडते आणि साप ते उलटून टाकतो. उलटी झाल्यावर पुन्हा भरवण्यापूर्वी आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत.

जिवंत माशांतून कृमी येतात. ते −२०° से. ला किमान सात दिवस गोठवल्यास बहुतेक मरतात (विकराला याचा उपयोग नाही, हे वर आलेच). पावसाळ्यात डबक्यांतून पकडलेले बेडूक रिबन सापाला कितीही प्रिय असले तरी टाळावेत. कृमींचा भार त्यांत सर्वांत जास्त, शिवाय अनेक भारतीय बेडूक कायद्याने संरक्षित आहेत.