मागचा एक्सल घरी बसवणाऱ्या ग्राहकांसाठी

नमस्कार,

कॉन्टेसा किंवा जिप्सीत ताकदवान इंजिन बसवलं, की मूळ मागचा एक्सल कुरकुरायला लागतो. सुरुवातीच्या कॉन्टेसाचं इंजिन जेमतेम दीड लिटरचं होतं, एक्सलही त्या मापाचा. त्यावर टर्बोचा जोर आला, की क्राउन-पिनियनचे (इंजिनचा जोर चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) दात नाहीतर हाफ शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) जातो. म्हणून तुम्ही आमच्याकडून मजबूत एक्सल घेतलात. आता तो नीट बसावा, यासाठी हे माहितीपत्रक.

क्राउन-पिनियनचं सेटिंग नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये करूनच दिलेलं आहे. दातांवर पिवळा रंग लावून घेतलेल्या ठशाचा फोटो आणि बॅकलॅशचा (दातांमधल्या मोकळ्या फटीचा) आकडा सोबतच्या पाकिटात आहे, तो जपून ठेवा. हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, कृपया उघडू नका. घरी उरतं ते एक्सल योग्य जागी, योग्य कोनात बसवण्याचं काम. गाडी थरथरते किंवा मागून घुमणारा आवाज येतो अशा ज्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा याच कामात सापडतं.

आधी जागा बघा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर हे काम नको, स्टँडखालचा ब्लॉक खचतो. पक्का काँक्रीटचा कोबा हवा. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) सोडवला, की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, आणि मागच्या चाकांचा हँडब्रेकही तुम्ही सोडवणारच आहात. गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावल्याशिवाय एक नटही सैल करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. ड्रमसकट एक्सल एकट्या माणसाला पेलत नाही, सोबत जाणतं माणूस घ्या.

आता मुख्य गोष्ट. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका, म्हणजे एक्सलला वेल्ड होऊन पाट्यांवर बसणारे भाग, आम्ही मुद्दाम सुट्या देतो, कारण प्रत्येक गाडीचे पाटे वेगळे बसलेले असतात. एक्सल पाट्यांशी मूळ एक्सलच्या जागी धरा, स्टँड एक्सलच्या नळीखाली लावा आणि गाडीचं पूर्ण वजन त्यावर येऊ द्या. मग कोनमापक घेऊन आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टचा कोन मोजा. पिनियन त्याला समांतर हवा, पण त्याचं नाक (पुढचं टोक) साधारण २ अंश खाली. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि ते नाक वर उचललं जातं. आधीच समांतर ठेवलं तर जोर लागल्यावर कोन बिघडतो, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर झिजतात आणि गाडी थरथरते. घाई करू नका, दोनदा मोजा.

कोन जुळला की बैठकांना वेल्डिंगचे फक्त छोटे टाके मारा. वेल्डिंगची अर्थ (करंट परत नेणारी वायर) नळीवर, बैठकीच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यावर डाग पडतात. मग एक्सल काढून आमच्याकडे आणा. पूर्ण वेल्डिंग आम्ही करून देतो, वेगळे पैसे नाहीत. एका दमात वेल्ड मारली तर नळी वाकते, म्हणून हे काम घरी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

वेल्ड झालेला एक्सल परत बसवताना यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधणारे) नवेच वापरा आणि फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे. चाकं हवेत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

ब्रेकची हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका. हाउसिंगमध्ये तेल नाही, आम्ही कोरडाच देतो. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरणीच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. क्लचवाला एलएसडी (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरन्शियल) घेतला असेल तर सोबतची छोटी बाटलीही त्यातच ओता. ब्रीदरची (एक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटेची) नळी उंचावर बांधा. पावसाळ्यात त्र्यंबक किंवा इगतपुरीकडे तापलेला एक्सल पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी ओढून घेते.

जिप्सीवाल्यांसाठी: पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो (क्राउन-पिनियनच्या दातांचं प्रमाण) एकच हवा. वेगळा असेल तर फोर-व्हील लावायचं नाही, गिअरबॉक्सच तुटेल.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. पेठ रोडच्या आरटीओत आधी चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पहिल्यांदा २५-३० किलोमीटर हळू चालवा, मग एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. यू-बोल्ट पुन्हा तपासा. ८०० किलोमीटरपर्यंत जोर लावू नका, तेवढं झालं की तेल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप असेल तर ठीक आहे. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर गाडी तिथेच थांबवा आणि फोटो काढून आम्हाला पाठवा.