रस्त्याकडेच्या पुतळ्याची निगा
शाळा, सोसायट्या आणि मंडळांसाठी माहितीपत्रक

"पुतळा हिरवा पडलाय, घासून चकचकीत करून द्या," असे फोन पावसाळा सरला की आम्हाला येऊ लागतात. आमचं पहिलं सांगणं असतं, घासू नका.

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि थोडं कथील. उघड्यावर त्याच्यावर आधी तपकिरी, मग काळसर, पुढे हिरवट थर चढतो. हा थर घट्ट आणि सलग असेल, तर तो आतल्या धातूला राखतो. चिंच-मीठ किंवा ॲसिड लावलं की तो निघून जातो. पुतळा चार दिवस घागरीसारखा चमकतो आणि पुन्हा काळवंडतो. शिवाय प्रत्येक घासणीत नाकाची, पापणीची, पागोट्याच्या घडीची धार बोथट होते. ती परत आणता येत नाही. बोटाला फिकट हिरवी भुकटी लागत असेल, तर मात्र लगेच कळवा. तिथे धातू खाल्ला जातोय.

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा सवडीने बघा. नानासाहेब करमरकरांचं हे १९२८ सालचं काम. असल्या कामावर सोनेरी ऑइलपेंट चढवला तर घोड्याचे स्नायू रंगाखाली बुजून जातील. म्हणून ब्राँझला रंग लावायचं काम आम्ही घेत नाही.

कर्वे रस्ता, जंगली महाराज रस्ता अशा रहदारीच्या ठिकाणी काजळी बसते आणि ती ओल धरून ठेवते. कबुतरांची घाणही धातूला बाधते. मेअखेर आणि दिवाळीआधी साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढं पुरतं. पुतळा पूर्ण वाळला की मेणाचा पातळ हात द्यावा. हार सुताचे घाला, लोखंडी तारेचे नकोत, आणि दुसऱ्या दिवशी उतरवा. दुधाचा अभिषेक केलात तर लगेच पाण्याने धुवा.

पुतळा आतून पोकळ असतो, हे बहुतेकांच्या लक्षात नसतं. एका शाळेत चौथऱ्याला फरशी बसवताना पायाजवळचं पाणी निघायचं भोक सिमेंटने बुजलं होतं. आम्ही ते उघडलं तर बादलीभर तांबूस पाणी आलं. आतला लोखंडी सांगाडा गंजत होता. ही भोकं मोकळी ठेवा.

फायबरच्या पुतळ्याला रंगच राखतो, त्याची पद्धत वेगळी. महापालिकेच्या पुतळ्यांना परवानगीशिवाय आम्ही हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

फोन करण्याआधी चारही बाजूंचे फोटो, चौथऱ्याचा एक जवळून काढलेला फोटो आणि पुतळा बसवल्याचं साल पाठवा. पूर्वी रंग दिला असेल तर तेही लिहा.