टपावरचं कॅरियर, स्की आणि 'बदल' या शब्दाचा घोळ

आपल्या बडोद्याच्या मराठी ट्रेकिंगवाल्यांत दर डिसेंबरात एकच प्रश्न फिरतो, की मनालीजवळच्या सोलंगला स्वतःच्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब फळ्या, गाडीच्या टपावर बांधून नेल्या तर वाटेत अडवतात का, दंड होतो का. कोणी कॅनडाहून येताना जोडी घेऊन आलेला असतो, कोणी मनालीत सेकंडहँड घेतलेली असते आणि ती इथे माळ्यावर पडून असते. उत्तरं मात्र उलटसुलट येतात, म्हणून हे मुळात कुठून आलं ते सांगतो.

जुनं थोडक्यात. गाडीच्या टपावर सामान टाकायचं तर टप पत्र्याचा हवा आणि बऱ्याच वर्षांपर्यंत मोटारींच्या टपाचा मधला भाग कापडी असायचा. अमेरिकेत 1935च्या मॉडेल्सपासून अख्खा पोलादी टप यायला लागला. त्याच सुमारास, 1934 मध्ये, व्हर्मोंटमधल्या वुडस्टॉकला दोर ओढून माणसांना चढावर नेणारी सोय झाली आणि 1936 मध्ये आयडाहोत पहिली चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला लटकलेल्या खुर्च्यांत बसवून वर नेणारी सोय, सुरू झाली. शनिवार-रविवारची गाडी काढून बर्फावर जाणारी गर्दी तिथून वाढली आणि स्की गाडीवर लादायची गरजही. पुढे 1960च्या दशकात स्वीडनमधल्या एका कंपनीने, जिचा धंदा 1942 मध्ये मासे पकडायच्या सापळ्यांपासून सुरू झाला होता, टपावरचे रॅक विकायला सुरुवात केली आणि आज जगभर तिचंच नाव आधी घेतात.

आता आपल्याकडचं, जे मी डोळ्यांनी पाहिलंय. दांडिया बाजारात आमच्या वाड्यासमोर नव्वदीत भाड्याची मारुती व्हॅन उभी असायची, तिच्यावर लोखंडी पट्ट्यांचं कॅरियर. दारांच्या वर टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ असते ना, तिलाच चार पाय नटबोल्टने आवळलेले. अँबेसिडर, पद्मिनी, व्हॅन सगळ्यांना ही पन्हळ होती म्हणून एकच कॅरियर कुठल्याही गाडीवर चढायचं. जेजुरीला निघालो की वर होल्डॉल, स्टोव्ह, पिशव्या, त्यावर ताडपत्री आणि नायलॉनची दोरी आणि काका ओरडायचे, "अजून एक वेढा घाल रे!" मग गाड्यांचा आकार वाऱ्याला कमी अडणारा करायची चढाओढ लागली. 1982च्या एका जर्मन सेडानने काचा अगदी पत्र्याच्या बरोबरीला आणल्या, हळूहळू पन्हळ सगळीकडूनच गेली आणि कॅरियर दाराच्या कडेत अडकवायच्या क्लिपांवर आलं. तिथून प्रत्येक मॉडेलला वेगळा पाय लागायला लागला, किंमत वाढली ती त्यामुळे.

नावांचा गोंधळही तेव्हापासूनचा. टपावर लांबीने जे दोन चंदेरी दांडे दिसतात त्या रेल, त्यांच्यावर आडव्या टाकायच्या त्या पट्ट्या म्हणजे क्रॉसबार आणि आपण मात्र सगळ्यालाच कॅरियर म्हणतो. बऱ्याच गाड्यांच्या रेल नुसत्या शोभेच्या असतात, त्यांच्यावर वजन टाकलं तर त्या उखडून येतील. गाडीसोबतच्या पुस्तकात टपाचं वजन लिहिलेलं असतं, छोट्या गाड्यांना बहुतेक 50 ते 75 किलो आणि त्यात पट्ट्यांचं वजनही धरायचं. बाइंडिंगसकट (बूट अडकवायच्या खाचेसकट) स्कीची जोडी साधारण सहा किलोची, म्हणजे चार जोड्या सहज बसतात.

आता मूळ वाद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही, ही भाषा 2000च्या दुरुस्तीने आली. केरळातल्या एका प्रकरणात तिथल्या हायकोर्टाने रचनेत बदल चालतील असं धरलं होतं, ते देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये रद्द केलं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून दर बदलाला 5,000 रुपये दंडाची तरतूद लागू झाली आणि लोकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र झालं. शिवाय डिसेंबर 2017 मध्ये बंपरच्या पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करा असं पत्र राज्यांना गेलं होतं, तेही त्यातच मिसळलं. झालं, टपावर काहीही दिसलं की बेकायदा!

पण त्याच कलमाखाली खुलासा दिलाय, की बदल म्हणजे रचनेतला असा फरक ज्याने गाडीचं मूळ स्वरूपच बदलतं. जे चावीने चढवतो आणि पाच मिनिटांत उतरवतो, जे कंपनी स्वतःच्या शोरूममध्ये ॲक्सेसरी म्हणून विकते, ते रचनेतला बदल कसं होईल? माझं मत ठाम आहे की ते होत नाही. टपाला भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेलं कॅरियर मात्र त्यात येऊ शकतं आणि तसं कोणी करूही नये, गळती लागते, गंज धरतो. अधिकारी वेगळा अर्थ लावणारच नाही असं नाही, म्हणून पट्ट्यांचं बिल आणि पुस्तकातलं वजनाचं पान गाडीत ठेवायचं. बाहेर आलेल्या सामानाचं कलम मात्र वेगळं, त्याचा दंड 20,000 आहे, म्हणून स्की पुढेमागे लटकू द्यायच्या नाहीत.

बांधायच्या पद्धतीतही काळाप्रमाणे फरक पडलाय. पूर्वी स्की दोन मीटरच्या सरळसोट असायच्या, 1993च्या सुमारास मधोमध बारीक असलेल्या कार्व्हिंग स्की आल्या आणि लांबी 160-170 सेंटिमीटरवर आली, त्यामुळे आता मागची अर्धी सीट पाडून आतही मावतात. टपावर टाकायच्या तर तळ तळाला लावून जोडी बांधायची, वळलेलं टोक मागे, म्हणजे वारा त्याच्याखाली शिरून स्की उचलत नाही. दोन्हीकडे वळलेल्या स्कीला दिशेचा प्रश्नच नाही. गेल्या जानेवारीत निघायच्या आदल्या रात्री आम्ही पट्ट्यांवर बागेतला जुना रबरी पाइप उभा चिरून चढवला, स्की आवळल्या, मग डिकी उघडून पाहिली तर टोकं थेट काचेला लागत होती. सगळं सोडून चार बोटं पुढे सरकवलं, पट्टे पुन्हा आवळले आणि पहाटे साडेचारला अहमदाबाद-उदयपूरच्या रस्त्याला लागलो.