वाळ्याचा वास कुठे जातो?

मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीहून घरी यावं आणि कूलरसमोर बसावं. पारा पंचेचाळीसच्या घरात, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि ओल्या ताट्यांतून येणारा तो वाळ्याचा वास! ती पाच मिनिटं म्हणजे निव्वळ सुख. मग वास येईनासा होतो. ताट्या तेवढ्याच ओल्या असतात, आपल्या नाकाला सवय झालेली असते. एकसारख्या येणाऱ्या गंधाला मज्जापेशी हळूहळू प्रतिसाद देणं कमी करतात.

मनाचंही बरंचसं असंच आहे. १९७८ साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २२ लॉटरी विजेत्यांना गाठलं. ते इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता अशा साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. नमुना लहान होता, म्हणून यावरून पैसा निरुपयोगी ठरवणं मला पटत नाही. पण सवय सुखालाही लागते, हे खरं.

मग सुखामागे धावावं का? २०११ मध्ये आयरिस मॉस यांच्या गटाने काही स्त्रियांना आधी सुखाचं महत्त्व सांगणारा मजकूर वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. तो मजकूर न वाचलेल्यांपेक्षा त्यांना कमी आनंद झाला. चित्रफीत बघता बघता त्या स्वतःलाच तपासत असाव्यात: मला पुरेसं छान वाटतंय ना? वाटायला हवं तेवढं वाटत नाही म्हटल्यावर हिरमोड झाला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१५ चा अभ्यास. ब्रेट फोर्ड, मॉस आणि इतरांनी चार प्रदेश ताडून पाहिले. सुखाची आस जितकी जास्त तितकं समाधान कमी, असं अमेरिकेत दिसलं. जर्मनीत तसा संबंध आढळला नाही. रशिया आणि पूर्व आशियात मात्र चित्र उलटं होतं, कारण तिथे सुख शोधणं म्हणजे बहुतेकदा माणसांत मिसळणं. भारत त्या अभ्यासात नव्हता. तरी सुखाचा ध्यास चुकीचा नाही, नजर सतत स्वतःवर रोखलेली असली की तो महागात पडतो, असं मी यातून समजतो.

परवा शेजारच्या काकू उन्हातून आल्या आणि दारातच थबकल्या. ‘‘नवा वाळा लावला काय गं? काय वास येऊन राहिला!’’ आई हसली आणि माठातलं पाणी आणायला उठली. मीही खुर्ची रिकामी करून त्यांना कूलरसमोर बसवलं.