नॅसच्या प्रोसेसरचं तापमान : पडद्यावरचा आकडा येतो कुठून?

घरच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फायली पुरवणाऱ्या डिस्कच्या पेटीमध्ये, तापमान म्हटलं की बरीच वर्षं डिस्कचंच पाहिलं जायचं. डिस्क स्मार्टच्या, म्हणजे स्वतःच्या तब्येतीच्या नोंदवहीच्या, १९४ क्रमांकाच्या नोंदीतून स्वतःच ते सांगायची आणि पेटीतला पंखाही मुख्यतः तिच्यासाठीच असायचा. प्रोसेसर बिचारा हीटसिंकखाली, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली, गप्प.

सुरुवातीला सेन्सर प्रोसेसरच्या सॉकेटखाली, मदरबोर्डवर असे. मग चिपमध्येच तापमान मोजणारा डायोड आला. इंटेलच्या २००० मधल्या पेंटियम ४ ला फार तापल्यावर आपला वेग आपणच कमी करता यायचा.

खरा गुंता २००६ पासूनचा. इंटेलच्याच कोअर मालिकेतल्या चिपांमध्ये डिजिटल सेन्सर आला, पण तो थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेच्या आपण किती अंश खाली आहोत, एवढंच सांगतो. ही मर्यादा म्हणजे टीजेमॅक्स, आणि डेस्कटॉप चिपांसाठी निर्मात्याने ती सुरुवातीला जाहीरच केली नाही. मग मोफत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी अंदाज बांधले. कुणी ८५ धरले, कुणी १००. सेन्सरने ‘५५ खाली’ म्हटलं की एका पडद्यावर ३० अंश दिसायचे, दुसऱ्यावर ४५. चिप तीच, क्षणही तोच! इंटेलच्या नेहेलम नावाच्या चिपपिढीपासून ही मर्यादा चिपमधल्याच एका रजिस्टरमधून (छोट्या नोंदकप्प्यातून) वाचता येऊ लागली, तेव्हा कुठे हा घोळ निवळला.

निर्मात्याची बाजू समजण्यासारखी आहे. सेन्सर चिप वाचवण्यासाठी होता आणि मर्यादेजवळ तो नेमका असतो. तरीही ज्याने चिप विकत घेतली त्याला तो एक आकडा मिळायलाच हवा होता. नॅसवाल्यांना हे जास्त जाचलं, कारण त्या काळात अनेक पेट्यांमध्ये ॲटम हा इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर असायचा. त्यातल्या एन२७० या मॉडेलची मर्यादा ९०, डी५१० ची १००, आणि ड्रायव्हरला (सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) मॉडेल ओळखून तक्त्यातून आकडा घ्यावा लागे. शिवाय मर्यादेपासून जितकं दूर, तितका हा सेन्सर कमी भरवशाचा. नॅसचा प्रोसेसर तर दिवसभर जवळजवळ रिकामाच बसलेला. म्हणून ३४ की ३८ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोठा फोल्डर कॉपी होताना आकडा ४५ वरून ८० वर जातो का, ते पाहावं.

२०१७ मध्ये एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन मालिकेतल्या १७००एक्स आणि १८००एक्स या चिपा मुद्दाम २० अंश जास्त सांगत. सगळ्या मॉडेलांवर पंख्याचं नियंत्रण सारखं राहावं, हा हेतू. तोवर टीजेमॅक्सचा धडा गिरवून झाला होता, त्यामुळे ही वजाबाकी ड्रायव्हरमध्ये लवकर आली.

नॅसच्या स्वतःच्या पानावर मात्र आजही अनेकदा फक्त ‘सामान्य’ असा शेरा दिसतो. हे मला पटत नाही. एसएनएमपीतून (नेटवर्कवरून उपकरणांची माहिती विचारण्याच्या पद्धतीतून) मिळणारं तापमानही पुष्कळदा पेटीचं असतं, प्रोसेसरचं नव्हे, आणि आलेख काढणारे तिथेच फसतात. एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा टाइप करण्याच्या सोयीने, आत शिरलं तर लिनक्सच्या एचडब्ल्यूमॉन या सेन्सरांच्या फोल्डरमध्ये ४७००० असा आकडा सापडतो. तो अंशाच्या हजाराव्या भागात असतो, म्हणजे ४७ अंश. रीबूटनंतर तिथले क्रमांक बदलू शकतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये सेन्सर क्रमांकाने नव्हे, नावाने शोधावा. एआरएम जातीचा प्रोसेसर असलेल्या पेट्यांमध्ये हेच बहुधा थर्मल झोन नावाच्या फोल्डरखाली मिळतं.

लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २०२० मधल्या ५.६ आवृत्तीपासून ड्राइव्हटेम्प मॉड्यूलमुळे डिस्कचं तापमानही याच फोल्डरमध्ये, याच एककात येतं. त्याहून जुन्या कर्नलवर अडकलेल्या पेट्यांना दोन्हीसाठी अजून वेगवेगळ्या वाटा धराव्या लागतात.