‘कराटे पिक्चर’ या शब्दामागचा इतिहास: पुण्यातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गुन्हेपट, भयपट आणि हाणामारीचे चित्रपट यांवरून पुण्यातील रसिकांमध्ये जे वाद होतात, त्यांतील बऱ्याच वादांचे मूळ कोणी चित्रपटाची कोणती प्रत पाहिली होती यात सापडते. हाँगकाँगच्या मारामारीच्या चित्रपटांना सरसकट ‘कराटे पिक्चर’ म्हणणे बरोबर की चूक, हा त्यांतलाच एक जुना वाद. मराठी वाचकाला रहस्यकथा आणि भयकथा यांची गोडी चित्रपटांच्या आधीपासून होती. १९३३ साली कोल्हापूरहून आलेल्या ‘प्रभात’ या चित्रसंस्थेने शहराला स्टुडिओ दिला, त्याच आवारात १९६० साली चित्रपटशिक्षण सुरू झाले आणि १९६४ साली सरकारी चित्रपटसंग्रह उभा राहिला. या परंपरेतून जागतिक चित्रपटांची जाण असलेला प्रेक्षक घडला हे खरे. परंतु हाँगकाँगच्या मारामारीच्या किंवा हिंदी भुताखेतांच्या चित्रपटांना त्याच्या चर्चेत फारसे स्थान नव्हते. त्यांचा प्रेक्षक थिएटरच्या खालच्या दराच्या तिकिटांवर आणि पुढे व्हिडिओ कॅसेटवर तयार झाला.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-चार चित्रपट पाहण्याची पद्धत पेठांपासून उपनगरांपर्यंत रूढ झाली. या काळाकडे आज केवळ हौसेने पाहिले जाते, पण मते घडली ती याच काळात. हाँगकाँगचे बहुतेक चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झालेले होते. कॅसेटवर घेताना त्यांची चौकट दोन्ही बाजूंनी छाटली जाई, त्यामुळे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन लढवय्यांपैकी एक चौकटीबाहेर राही आणि ठोसा कोणाला लागला हे आवाजावरूनच समजून घ्यावे लागे. ‘यांना मारामारी नीट चित्रित करता येत नाही’ हे मत त्या छाटलेल्या चौकटीतून आले. ओठ आणि संवाद जुळत नाहीत ही तक्रार मात्र निम्मीच न्याय्य होती. इंग्रजी डबिंग वाईट होतेच, पण त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रीकरणाच्या वेळी आवाज मुद्रित करण्याची पद्धत नसल्यामुळे मूळ चिनी प्रतीतही आवाज मागाहूनच भरलेला असे.

सर्वांत जास्त गुंता ‘कराटे’ या शब्दाने केला. १९७३ च्या जुलैमध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी निधन पावलेल्या ब्रूस ली या नटाच्या चित्रपटांनी जगभर जी लाट आणली, तिच्यातील प्रत्येक चित्रपट पुण्यात ‘कराटे पिक्चर’ म्हणूनच ओळखला गेला, मग त्यात चिनी कुंग फू असो, तलवारबाजी असो किंवा साधी गुद्दागुद्दी असो. शाळांच्या मैदानांवर वर्ग कराटेचे भरत आणि पडद्यावरचे सारे त्याच नावाने ओळखीचे वाटे. पुढच्या पिढीतील जाणकारांनी यावर आक्षेप घेतला. कराटे ओकिनावाचे व जपानचे, कुंग फू चीनचे, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे; परंतु तो जितक्या ठामपणे मांडला जातो तितका सरळ नाही. ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ असा अर्थ देणाऱ्या चिन्हांनी लिहिला जात असे, आणि १९३० च्या दशकात, जपानमध्ये राष्ट्रवाद तीव्र होत असताना, त्याच उच्चाराचे ‘रिकामा हात’ या अर्थाचे चिन्ह रूढ करण्यात आले. ‘कुंग फू’ या शब्दाचाही मूळ अर्थ कष्टाने साधलेले कौशल्य असा आहे. तो स्वयंपाकालाही लागू पडतो. तेव्हा जुन्या प्रेक्षकांना अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. मराठीत याला पर्याय म्हणून ‘युद्धकलापट’ सुचवला जातो, पण ज्या शहरात तालमी आहेत आणि दांडपट्ट्यासारखे मर्दानी खेळ गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत दिसतात, तेथे हा शब्द इतका कोरडा वाटावा याचे वाईट वाटते.

गुन्हेपट आणि भयपटांबाबत प्रतींचा प्रश्न सेन्सॉरमुळे निर्माण झाला. आणीबाणीत पडद्यावरील हिंसेवर कडक नजर होती. ‘शोले’चा शेवट त्याच काळात बदलावा लागला आणि मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ साली, पन्नास वर्षांनी, इटलीत दाखवली गेली. १९८३ पासून सर्वांसाठीचा ‘यू’ आणि फक्त प्रौढांसाठीचा ‘ए’ यांच्यामधला ‘यूए’ हा वर्ग आला, परंतु ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवता येत नसल्याने कित्येक भयपट कापून पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागले. ज्याने असा चित्रपट दुपारी घरच्या पडद्यावर पाहिला आणि ज्याने तो थिएटरात रात्री पाहिला, त्यांची मते जुळणे कठीणच होते.

गेल्या पंचवीस वर्षांत ही स्थिती बदलली. हाँगकाँगच्या जुन्या स्टुडिओ चित्रपटांच्या स्वच्छ, पूर्ण रुंदीच्या प्रती उपलब्ध झाल्या आणि लढतींची आखणी डोळ्यांना दिसू लागली. २०१८ चा ‘तुंबाड’ २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला. भयपटाला दुय्यम मानणाऱ्यांना या घटनेची दखल घ्यावी लागली. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले आहेत. मोबाइलवर येणाऱ्या चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे एकाच गुन्हेपटाच्या थिएटरातील आणि मोबाइलवरील प्रतींची लांबी आजही वेगळी असू शकते.