भंगारातले कॉम्प्युटर-सर्व्हर परत चालू करायचा नाद आला कुठून

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ज्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही अशी धडधाकट मशिनं ऑफिसांतनं, शाळांतनं, पतसंस्थांतनं बाहेर पडायला लागली. ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची सिक्युरिटीची सोय) पाहिजे आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे २०१७ च्या आधीचं जवळपास सगळं यादीबाहेर. कोल्हापुरात राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत एखाद्या रिपेअरिंगवाल्याकडं गेलात तर कोपऱ्यात अशा डब्यांची थप्पी असते. नवीन शिकणाऱ्याला यासारखी संधी नाही, पण ही मशिनं आपल्या हातात का येतात आणि आपल्याला ती उघडता का येतात हे कळायला जरा मागं जावं लागतंय.

तसं बघितलं तर भारतात कॉम्प्युटरची सुरवातच बऱ्यापैकी जुन्या मालावर झाली. साठच्या दशकात आयबीएम बाहेरच्या देशांत वापरून परत आलेली १४०१ नावाची मोठी कॉम्प्युटर मशिनं इथं नीटनेटकी करून कंपन्यांना भाड्यानं द्यायची, त्यावर पुढं सरकारी पातळीवर टीकापण झाली आणि १९७८ ला आयबीएमनं देशच सोडला. पण ते मशीन भाड्याचं, त्याला हात लावणारा इंजिनियर कंपनीचा, तुमच्या-माझ्यासारख्याला आत डोकवायची सोय नव्हती.

ती सोय झाली १९८१ च्या आयबीएम पीसीमुळं. लवकर बाजारात आणायचा म्हणून त्यांनी बाहेर मिळणारेच पार्ट घेतले, प्रोसेसर इंटेलचा, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे डॉस मायक्रोसॉफ्टचं, आत कार्ड घालायला मोकळे स्लॉट, आणि सर्किट डायग्रामसकट टेक्निकल मॅन्युअल विकायला ठेवलं. मग कॉम्पॅक आणि बाकीच्यांनी तशीच मशिनं काढली, १९९५ ला इंटेलनं बोर्ड, कॅबिनेट आणि पॉवर सप्लायसाठी एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं, आणि एकाचा बोर्ड, दुसऱ्याचं कॅबिनेट, तिसऱ्याचा पॉवर सप्लाय असं जुळवता यायला लागलं. आज आपण जे काही खोलतोय-जोडतोय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. (ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मात्र बऱ्याचदा पॉवर सप्लायचं कनेक्टर वेगळं असतं, तेवढं घेताना बघा.)

कोल्हापूरला तर हे रक्तातच आहे असं मला मनापासून वाटतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातनं प्रोजेक्टर आणला, त्यावरनं सिनेमाचा कॅमेरा कसा असेल ते समजून घेतलं, आनंदराव १९१६ ला गेले तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि १९१८ ला कॅमेरा चालू करून दाखवला. पुढं उद्यमनगरात ऑइल इंजिन आणि फाउंड्रीचं काम वाढलं तेपण असंच, मशीन उघडायचं, पार्ट बघायचा, तसाच लेथवर काढायचा. १९८४ चं कॉम्प्युटर धोरण आणि १९९१ नंतरची मोकळीक यामुळं पार्ट मिळायला लागले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं माल आणून इकडं मशीन असेंबल करायचं हा धंदाच झाला. २००१ ला एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) आलं, त्यांच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे क्लास गल्लोगल्ली निघाले, आणि त्याबरोबर रिपेअर करणारी पोरंपण तयार झाली, कारण क्लासमधलं मशीन बंद पडून चालत नव्हतं. त्याच काळात खराब कपॅसिटरची (बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे डबे) लाट आली, साधारण १९९९ ते २००७ मधल्या खूप बोर्डांवरचे कपॅसिटर फुगायचे, वरनं तपकिरी पाणी यायचं. कंपनी म्हणायची बोर्ड बदला, आणि टीव्ही-रेडिओवाला सोल्डरिंग गन घेऊन दोन-चार कपॅसिटर बदलून बोर्ड जिवंत करायचा.

सॉफ्टवेअरची बाजू लिनक्सनं, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट घालता येणाऱ्या सिस्टिमनं, भरून काढली. १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सनं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर सुरू केलं, १९९३ ला डेबियन हा त्याचाच तयार संच आला. १९९४ ला नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे ४८६ पीसी नेटवर्कनं जोडून बियोवुल्फ क्लस्टर केला, म्हणजे सगळी मशिनं मिळून एकच मोठं काम करणार. पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेची. तिथं विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना हवामान-जमिनीच्या माहितीवरनं प्रदेशांचे नकाशे करायचे होते, क्लस्टरसाठी पैसे मागितले ते नामंजूर झाले, मग त्यांनी प्रयोगशाळेतच टाकून दिलेले पीसी गोळा केले, लिनक्स घातलं आणि शंभरावर मशिनांचा क्लस्टर उभा केला, जसजसं कुणी नवीन मशीन घेईल तसतसं त्याचं जुनं यात यायचं. नकाशे झाले. कुणाला भंगारातल्या मशिनाला नावं ठेवायची असतील त्यांनी हे आधी वाचावं.

तरीपण त्या काळात जुनं मशीन खरंच मागं पडायचं, १९९५ चा पीसी २००० ला रडायचाच. २००५-०६ च्या आसपास हे बदललं, क्लॉक स्पीड वाढवला की चिप तापायला लागली, मग कंपन्या एकाच चिपमध्ये कोअर, म्हणजे काम करणारे भाग, वाढवत बसल्या. म्हणून २०१२-१३ च्या आय-५ मध्ये ८ जीबी रॅम आणि साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी, पण फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घातली की ब्राऊझर, ऑफिस, व्हिडिओ सगळं आजपण आरामात चालतंय. हार्डडिस्कची जागा एसएसडीनं घेतली हा या सगळ्यातला सर्वात मोठा फरक, बाकी काहीच बदललं नाही तरी चालेल इतका.

मग चालू मशिनं टाकून कशाला देतात? हिशेबाच्या वहीमुळं. कंपनी कायदा २०१३ मध्ये डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हरचं ६ वर्षं धरलंय, इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के, २०१७ च्या आधी तर ६० टक्के होता. म्हणजे वहीत मशीन संपतं, टेबलावर ते चालू असतं. वॉरंटी संपली, अपडेट थांबले की आयटीवाला जोखीम घेत नाही, आणि त्याचं चुकत नाही. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू झाले, २०१६ ला बदलले, आणि १ एप्रिल २०२३ पासून जे नवीन आलेत त्यात दुरुस्त करून परत विकणाऱ्यालापण नोंदणीचं स्थान आहे. त्यामुळं मोठ्या ऑफिसातनं माल घेताना तो भंगार म्हणून निघतोय की चालू सेकंड-हँड म्हणून, हे कागदावर स्पष्ट पाहिजे.

उलटंपण आहे बरं का, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत जुन्या सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणारं लेथसारखं मशीन) प्रोग्रॅम पाठवायला सिरीयल पोर्टवालं (केबल जोडायची जुनी सोय) जुनं मशीन मुद्दाम जपून ठेवतात, तिथं नवीन मशीनच अडचणीचं.

एखादं असं मशीन आत बघा. साईडचा पत्रा काढला की आधी दिसतो तो हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) बसलेला धुळीचा जाड थर, पंखा हातानं फिरवला तर अडकतो. ब्रशनं साफ केलं, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, बोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलला, रॅम काढून पिना खोडरबरनं हलक्या हातानं पुसून दोन्ही बाजूनं कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबली, की बऱ्याच वेळा बंद म्हणून दिलेलं मशीन डिस्प्ले देतं. पॉवर सप्लाय मात्र नवख्यानं खोलू नये, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरपण चार्ज धरून असतात. आणि २०१९, २०२१ च्या पुरात बुडालेला पॉवर सप्लाय कुणी फुकट दिला तरी लावू नका.

सर्व्हरचं, म्हणजे दिवसरात्र चालून बाकीच्या मशिनांना माहिती पुरवणाऱ्या कॉम्प्युटरचं, प्रकरण वेगळं. कॉम्पॅकनं १९८९ ला सिस्टिमप्रो काढला, पीसीच्याच घराण्यातला सर्व्हर, पुढं १९९३ ला प्रोलायंट, ते नाव २००२ ला कॉम्पॅकबरोबर एचपीकडं गेलं. म्हणून जुना प्रोलायंट किंवा डेलचा पॉवरएज उघडला तर आतलं सगळं ओळखीचं वाटतं, इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन प्रोसेसर, डीडीआर-३ रॅम. फक्त रॅम बहुतेक वेळा रजिस्टर्ड म्हणजे सर्व्हरच्या खास प्रकारची असते, साध्या डेस्कटॉपला चालत नाही, म्हणूनच ती स्वस्त मिळते. प्रॉक्समॉक्स हे एका मशिनात अनेक आभासी मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर २००८ पासून आहे, ते घातलं की एका डब्यात दहा मशिनं करून नेटवर्किंग शिकता येतं.

पण घरात घ्यायच्या आधी पंख्यांचा आवाज ऐका आणि मीटरचा हिशेब करा. १५० वॅट खाणारा सर्व्हर दिवसरात्र चालू ठेवला तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. तेच काम ३० वॅटवर चालणाऱ्या जुन्या छोट्या डेस्कटॉपवर महिन्याला २२ युनिटच्या आत होतं, त्यामुळं पहिलं मशीन डेस्कटॉपच घ्या, सर्व्हर शिकण्यापुरता चालू करा आणि काम झालं की बंद करा.